माझे सोमवार त्यानं धरले

रस्त्यात पोरगी चक्कर येऊन पडली की माणसं आधी पाणी विचारतात, मग नाव, मग कुणाची म्हणून विचारतात. यानं मोटरसायकल कडेला लावली, माझ्यासमोर उकिडवा बसला अन् म्हणाला, "काल जेवल्या होत्या का तुमी?"

मला इतका राग आला की चक्करच उतरली. साखरा गावाच्या रस्त्यावर, सकाळच्या थंडीत, पळता पळता मी मातीत बसलेली, ओढणीला कुसळं लागलेली... अन् हा बाबा जेवणाचं विचारून राहिला.

काल सोमवार होता, उपास होता, असं मी ठसक्यात सांगितलं. आज सकाळी काय घेतलं, तर चहा. तो हसला नाही. पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्यानं माझ्या हातावर ठेवला अन् माझं खाणं होईपर्यंत दुसरीकडं, हरभऱ्याच्या रानाकडं बघत उभा राहिला. त्याचं ते दुसरीकडं बघणं मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

नाव विश्वंभर. आजोबाचं नाव ठेवलेलं, पण वय माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच जास्त. सेनगावच्या एका संस्थेत कामाला होता. गावोगावच्या पोरापोरींना नीट खायला, नीट झोपायला, हातपाय हलवायला लावायचं, हेच त्याचं काम. त्या दिवशी तो आमच्याच गावात निघाला होता.

मी पोलीस भरतीची तयारी करत होते. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं की ह्या खेपेला मैदानी चाचणीत निघाली तर पुढं लेखी परीक्षा दे, न्हाई तर उन्हाळ्यात लग्न. दुसरी संधी नव्हतीच.

विश्वंभरनं शाळेच्या मैदानावर आम्हाला जमवलं. भाषण वगैरे काही नाही. रात्री काय खाल्लं, ते एकेकानं सांगायचं. पोरांनी वडापाव सांगितले, चिप्सची पाकिटं सांगितली. पोरी म्हणाल्या, सगळे जेवल्यावर जे उरलं ते. त्यावर तो म्हणाला, बाजारातून काहीच आणू नका, घरचंच खा, पण वेळेवर अन् पोटभर खा. ज्वारीची भाकर, कारळाची चटणी, मोड आलेली मटकी, हरभऱ्याची भाजी अन् वरून लिंबू. जेवणावर लगेच चहा नाही. तांड्यावरचा किसनसिंग तर गुटख्याची पुडी सोडून खिशात फुटाणे ठेवायला लागला. पोरं त्याला हसली, अन् आठवड्यात तीच पोरं त्याच्यापुढं फुटाण्यासाठी हात पसरायला लागली.

मला मात्र तो रोज वेगळं गाठून विचारायचा. मी चिडायची.

"तुमी काय माझी आई हाव का?"

"आई असतो तर एवढं गोड बोललो असतो का?"

असं म्हणून गाडीला किक मारायचा अन् जायचा. मी आपली दिवसभर त्या वाक्यावर हसत बसायची... एकटीच, येड्यासारखी.

पायांत ताकद आली. दम टिकायला लागला. अडचण एकच होती, सोमवार. चांगला नवरा मिळावा म्हणून आईनं मला सोळा सोमवार धरायला लावले होते. दिवसभर चहावर राहायचं अन् संध्याकाळी एकदाच जेवायचं. अन् मैदानी चाचणीची तारीख आली, तीही नेमकी सोमवारची. उपाशी पळाले तर पडणार, हे मला ठाऊक होतं. आई मात्र ऐकेना. व्रत मधीच मोडलं तर पोरीचं वाईट होतं, ह्या एका बोलण्यावर ती अडून बसली.

विश्वंभर घरी आला. मला वाटलं, आता हा उपास-तापासाला नावं ठेवणार अन् आई त्याला दारातूनच वाटंला लावणार. पण तो म्हणाला, "मावशी, मोडू नका. दुसऱ्यानं धरला तर चालतो का?"

आईनं शेजारच्या अनुसयाबाईंना बोलावलं. गल्लीत पोथी त्याच वाचतात. अडचणीला दुसऱ्यानं धरलेला चालतो, त्या म्हणाल्या, पण माणूस घरचं पाहिजे. आईला शुगर, तिला गोळ्यांमुळं उपाशी राहता येत नाही. बाबा म्हणजे तंबाखूशिवाय घटकाभर न बसणारा माणूस.

"मग मी धरतो," विश्वंभर म्हणाला.

"तुमी घरचे कवा झाले?" आईनं विचारलं.

त्याचे कान लाल झाले.

"अजून न्हाई झालो... पण व्हायचं हाय, मावशी. तुमी व्हय म्हणाल तर."

माझ्या तव्यावरची भाकर करपली. आईनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "चहा-पाण्याशिवाय काही घ्यायचं न्हाई दिवसभर. जमंल का?"

त्या सोमवारी पहाटे आईनं मला गरम भाकर, गूळ अन् दाणे वाढले. बाबा अजून उठलेही नव्हते. त्यांच्या आधी जेवायची माझी ती पहिलीच वेळ. घास गिळताना डोळे भरून आले. जन्मात कुणी माझ्या भुकेची एवढी काळजी केली नव्हती, अन् आता दोघं दोघं करत होते.

हिंगोलीच्या मैदानावर मी पळाले. शेवटच्या वळणावर छाती फुटायला आली, पण पाय चालत राहिले. कुंपणापलीकडं तो उभा होता, ओठ सुकलेले, तोंडावर उसनं हसू. मैदानी चाचणीत निघाले, हे कळल्यावर मी सरळ त्याच्याकडं गेले.

"लई अवघड असतो हो उपास," तो म्हणाला. "मला एकेक पोलीस दोन-दोन दिसायले. अन् फळ कुणाला, धरणाऱ्याला का मागणाऱ्याला?"

"मी नवरा मागितला होता. फळ तुमाला आलं तर तुमालाच नवरा भेटंल."

"मला काय करायचा नवरा? मला..." अन् तो अडखळला.

मग मीच बोलले. म्हटलं, तुमचे उपकार मी फेडू शकत नाही अन् मला फेडायचेही नाहीत. नोकरी लागो न लागो, मला तुमीच पाहिजे. त्यावर तो तिथंच कुंपणाला धरून खाली बसला. उपाशी होता बिचारा, त्यात हे.

संध्याकाळी उपास सोडायला आईनं त्याला घरी बोलावलं. त्याच्या ताटाशेजारी बाबांचं ताट मांडलं, अन् शेजारी माझंही. मी उठायला लागले, तर तिनं खांद्याला धरून खाली बसवलं.

"राहिलेले सोमवार कोण धरणार?" तिनं विचारलं.

"मीच की," तो म्हणाला.

"मग उद्यापनाला आई-वडिलांना घेऊन या. बोलायचं हाय त्यांच्याशी."

बाबा इतका वेळ खाली मान घालून जेवत होते. आता लग्नाची घाई होणार, माझी परीक्षा राहणार, असं वाटून मी त्यांच्याकडं पाहिलं. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, माझ्या ताटात ठेवला.

"बोलून ठेवा," ते म्हणाले. "पण आधी पोरीची लेखी परीक्षा होऊ द्या. लग्नाचं मागाहून बघू."