विचारपूस, सहीसकट

पाणीपुरवठ्याच्या तलावात सकाळी आठला उतरलेला पाणबुड्या दुपारी मेलेला वर आला. तळाशी असलेल्या नळाच्या तोंडावरची जाळी साफ करायला तो गेला होता. पाठीवरच्या टाकीत तासाभराची हवा होती. काठावर दोर धरून त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, उभा होता. साडेआठला दोर हलला, मग वर येईना. मेहुण्याने उडी मारली. लोकांनी त्याला अर्धमेला बाहेर काढून दवाखान्यात पोचवलं.

तिसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी बाई आल्या, तेव्हा दोषी कोण ते ठरूनच गेलं होतं. तलावावरच्या इंजिनिअरने त्यांच्यापुढे फाईल ठेवली. वरच त्याने स्वतः घेतलेला मेहुण्याचा जबाब होता.

‘सकाळी ९.४०, दवाखाना.

प्रश्न : नळाची झडप उघडून पाण्याची ओढ वाढली, तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं?

उत्तर : दोराकडेच.

प्रश्न : वर ओढा म्हणून तीन झटके आले असताना तुम्ही दोनच का मोजलेत?

उत्तर : गोंधळ झाला असेल.’

खाली मेहुण्याची सही. दोन झटके म्हणजे दोर सैल सोड. त्याने सोडला होता.

बाई आधी दवाखान्यात गेल्या. नर्सने सांगितलं, इंजिनिअर साहेब सही घेऊन गेले आणि लगेच, दहाच्या आत त्याला झोपेचं इंजेक्शन दिलं, तो संध्याकाळी जागा झाला. कागदावरची वेळ खरी होती. मग त्या पाणबुड्याच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोने भावाशी बोलणं टाकलं होतं. त्याने स्वतः लिहून दिलंय, आता विचारायचं काय उरलं, एवढंच ती म्हणाली.

बाई इंजिनिअरकडे परतल्या.

“झडप उघडी आहे हे केव्हा कळलं?”

“बाराला. दुसरे पाणबुडे उतरले, बॉडी जाळीवरून सुटेना. तेव्हा झडपेच्या खोलीत जाऊन पाहिलं. जुनी झडप, आपोआप सरकली असणार. तोवर आम्ही सगळे दोर अडकला असंच समजत होतो.”

“त्या खोलीची किल्ली कुणाकडे?”

“माझ्याकडेच.”

“आणि हा जबाब?”

“जबाब कसला, बाई. सहज विचारपूस केली.”

“विचारपूस करणारा सही घेत नाही.” बाईंनी कागद त्याच्याकडे फिरवला. “बाराला कळलेली झडप तुम्ही पावणेदहाच्या आधी प्रश्नात घातलीत. काठावर नव्हतात, तरी तीन झटके आल्याचं ठरवून टाकलंत. शुद्धीवर येणाऱ्या माणसाने तुमच्या प्रश्नातलं सगळं खरं मानलं. झडप सरकली नाही, साहेब. तुम्ही उघडलीत.”

इंजिनिअरने कागद बाजूला सारला. मग सांगू लागला. कारखान्याचा फोन आला होता, अर्धा तास पाणी हवं होतं. पाणबुड्या एव्हाना वर आला असेल असं त्याला वाटलं.

“आरडाओरडा झाल्यावर बंद का नाही केलीत? नऊपर्यंत त्याच्याकडे हवा होती.”

“खोलीसमोर माणसं जमली होती,” तो म्हणाला. “आत शिरताना सगळ्यांनी पाहिलं असतं.”

बाईंनी हे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा जबाब नव्याने घ्यायचा होता. बाईंनी त्याच्या बहिणीलाही बोलावलं. झालेलं सगळं दोघांना समजावलं. त्या ओढीत दहा माणसांनाही दोर वर घेता आला नसता, हेही सांगितलं.

“आता सांगा. झटके किती आले?”

मेहुण्याने मान वर केली नाही. “किती लिहायचेत?”

“आठवतात तेवढे.”

“त्यांनी विचारल्यापासून दोनच आठवतात. त्याच्या आधीचं काही आठवतच नाही. दाजींनी तीन दिले असतील, बाई. मी सोडला ना दोर.”

बाईंनी लिहिलं : साक्षीदाराला सांगता येत नाही. वाचून दाखवलं. त्याने सही केली.

बहीण उठली, भावाकडे न बघता दाराशी गेली आणि तिथेच उभी राहिली. तो येईपर्यंत थांबावं की जावं, हे तिला ठरवता येत नव्हतं.