मुहूर्ताची आरती

अमळनेरजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सुलक्षणा वजनकाट्यावर बसायची. तिच्या केबिनचं दार वाऱ्यानं सारखं आपटायचं. तिनं झकास उपाय काढला होता... आग विझवायचा लाल सिलिंडर दाराला टेकवायचा, वर ओढणी वाळत घालायची.

धुळ्याहून सिलिंडर तपासायला आलेला संघपाल दारातच थबकला.

"ताई, ती ओढणी... काढता का?"

"काय?"

"म्हणजे – सिलिंडरवरची! सिलिंडरवरची हो!" बिचारा कानापर्यंत लाल झाला.

सुलक्षणाला हसू आवरेना. "काढते. पण ताई नका म्हणू."

झालं! कंपनी त्याला सहा महिन्यांनी एकदा पाठवायची. हा आपला दर आठवड्याला हजर.

"काटा बघायला आलो."

"सिलिंडरचा, की वजनाचा?"

"वजनाच्या काट्यामागं कोण बसलंय, त्यावर आहे."

"इश्श..." म्हणत ती उगाच पावत्या चाळायला लागायची.

तिचे वडील, अमृतआबा, तिथलेच मुकादम. आई कमलबाई तिथंच कापूस निवडायची. आईला कळायला कितीसा वेळ लागणार? "पोऱ्या चांगला शे," ती म्हणाली, आणि पुन्हा कापूस निवडायला लागली. पण संघपाल बौद्ध, ही पाटलांच्या घरातली. शेवटी सुलक्षणानंच धीर करून आबांना सांगितलं. आबा रागावले नाहीत, हेच नवल! "मुहूर्त होऊ दे, मग बोलव त्याला घरी," एवढंच म्हणाले. पोरीला आभाळ ठेंगणं झालं.

मुहूर्त म्हणजे हंगामातल्या पहिल्या कापसाची पूजा. यंत्रापुढं, ढिगाला अगदी खेटून कापराची आरती व्हायची. संघपालनं आदल्या दिवशी विनवलं होतं, "आबा, आरती फाटकाबाहेर घ्या ना."

आबा हसले. "देवाच्या दिव्यानं कधी कापूस पेटला का रे?"

पेटला हो. जळता कापूर ताटातून घरंगळला आणि खाली सांडलेल्या कापसावरून जाळ सरसर धावला. ढिगामागं कमलबाई आणि सगळ्या बाया होत्या. मुहूर्ताला आलेल्या संघपालनं मागचापुढचा विचार केला नाही. केबिनच्या दाराचा सिलिंडर उचलला, खीळ ओढली... पांढरी भुकटी जाळावर, ताटावर, देवाच्या तसबिरीवर, आबांच्या टोपीवर. जाळ विझला. मुहूर्ताची समईही विझली. बाया खोकत खोकत बाहेर आल्या, सगळ्या धडधाकट.

"मुहूर्ताचा दिवा विझवला," कुणीतरी पुटपुटलं. मग विझवणारा कोण, कुणाचा, याची कुजबुज सुरू झाली. आबा मान खाली घालून टोपी झटकत राहिले.

घरी आल्यावर सुलक्षणा कळवळून म्हणाली, "आबा, आई आत होती!"

"माहीत आहे. त्याच्या पाया पडेन मी. पण दुसऱ्या कुणी दिवा विझवला असता, तर लोक विसरले असते. त्याला आता जावई म्हणून उभं करायची माझ्यात हिंमत नाही." मग ते कमलबाईकडं वळले, आणि त्यांचा आवाजच बदलला. "ही गेली, तर तूही तिच्यामागं चालती हो."

कमलबाईनं लेकीचा हात घट्ट धरला. "तू गई ते मी कोठे जासू, माय?"

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर संघपाल वाट बघत उभा होता.

"माझ्या आईला सांगून आलोय, तू येणार म्हणून... चल ना."

तिनं नकारार्थी मान हलवली.

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "मी विझवायला नको होतं का गं?"

"असं बोलू नकोस!" तिला हुंदका फुटला. "तू विझवलंस म्हणून माझी आई जिवंत आहे, संघपाल. आणि तिला घर राहावं म्हणून... मला येता येत नाही."

"प्रेम तरी आहे ना?"

"आहे. फार आहे रे."

धुळ्याची गाडी लागली. तो चढला. कंडक्टरनं दार ओढून घेतलं.

संध्याकाळी सुलक्षणा भाकरी थापायला बसली. कमलबाईनं दोनदा तिच्याकडं बघितलं. वाढून घेतलेली ताटं दोघींनीही तशीच झाकून ठेवली.