दीपेशचं जन्मवजन

"उपाशीपोटी आलात ना?" रुचिरानं विचारलं.

"उपाशी हाय, वर सुईला भितोय... अजून काय पायजे?" दीपेश हसला.

पूर्णगडच्या शंकराच्या देवळामागच्या खोलीत सकाळी पुरुषांचं रक्त घेणं चाललं होतं. जन्माच्या वेळचं वजन आणि मोठेपणीची हार्मोन्स यांचं काही नातं असतं का, असा तो अभ्यास. त्यासाठी रुचिरा रत्नागिरीहून आलेली.

"जन्मवजन?"

"आजीनं माझ्या भाराचा गूळ देवळात वाटलान. आळीलासुद्धा पुरला नाय. लोक अजून बोल लावतात तिला!"

ती खुदकन हसली — आणि हसता हसता सुई टोचून मोकळी झाली.

"फसवलात वो! आता शिक्षा... सोमवारी कीर्तनाला यायचं."

सोमवारी ती स्कूटरवरून आली. पुढच्याही सोमवारी. झांजेच्या ठेक्यावर त्याची मान डोलायची, नजर हळूच बायकांच्या बाजूला वळायची... आणि हिचं अभंगातलं लक्ष उडायचं. भोळा शंकर असल्या चुका मनावर घेत नसावा.

एकदा पूर्वरंग संपला. बुवांना हार घातला, मंडळी एकमेकांना बुक्का लावू लागली. बुक्क्याचं तबक घेऊन दीपेश तिच्यापाशी थांबला.

"रिपोर्ट आला. पुरुषाचं हार्मोन कमीकडं हाय म्हणे."

"पण मर्यादेत आहे."

"गूळ कमी भरला, म्हणून?"

"काही अभ्यासांत तसं दिसलंय. काहींत नाही."

तो तबकाकडेच बघत होता. "माज्याशी जी कोण लगीन करील... ती फसेल काय वो?"

तिचे कान तापले. ओठांवर आलेलं 'नाही' तिथंच अडलं, आणि नोकरीत पाठ झालेलं वाक्य बाहेर पडलं — "कुणा एका माणसाबद्दल अभ्यासावरून असं काही सांगता येत नाही."

खरंच होतं ते. अक्षर न् अक्षर.

बुवांनी उत्तररंगाला सूर लावला. तबक पुढे गेलं.

लाजून ती काही सोमवार फिरकलीच नाही. मग गेली ती ठरवूनच. तो देवळाच्या पायरीवर भेटला.

"दीपेश, ती... ती फसली नसती."

त्यानं मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, तेच अवघड होतं.

"मी अभ्यासाला नव्हतं इचारलं. तुमाला इचारलं व्हतं." मग हळूच म्हणाला, "आमच्या आळीतल्या गुणवंतीलाबी तेच इचारलं. ती म्हणाली, येडा हायस काय! ...साखरपुडा झाला आमचा."

आत टाळ वाजू लागले. रुचिरानं खांद्यावरची ओढणी उगीच सारखी केली.

"चांगलं उत्तर दिलं तिनं," ती म्हणाली.