एकदाच विचारलेलं पाणी

संग्रहालयातली काचेची पेटी रिकामीच होती, पण आतला दिवा कधीचा चालू होता.

जीपला आरसा एकच. त्यावर ड्रायव्हरच्या नातीने चिकटवलेलं बदक.

"शब्दाला शब्द. पदरचं काही घालायचं नाही," नोकरी देताना दुभाषीला बजावलं होतं.

दुपारी मीठ तडकतं. कुणी झोपेत दात खावेत तसं.

आकाशातून पडलेला दगड दिसतो एवढासा. उचलायला गेलं की कंबर बोलते.

तर तो दगड संग्रहालयातल्या त्या पेटीसाठी आणायला तिघं मिठाच्या वाळवंटात शिरले होते: मोहिमेचे प्रमुख, म्हणजे साहेब, जीपवाले ड्रायव्हरकाका, आणि दोघांच्याही भाषा जाणणारी दुभाषी. दगड सापडला! साहेबांनी त्याला तान्ह्या मुलासारखं कुशीत घेतलं. पण परतताना जीपचा आस मोडला, आणि रस्त्यापर्यंतची पायपीट नशिबी आली.

पाण्याचा एकच कॅन उरला होता. तो साहेबांनी स्वतःच्या खांद्याला अडकवला. दगड काकांच्या पाठीवर चढवला.

पहिल्या थांब्यावर साहेबांनी झाकण उघडलं. "विचारा त्यांना, पाणी हवं का?"

दुभाषीने विचारलं.

"नको नको," काका हसून म्हणाले. "तुमचं होऊ दे आधी."

"नको म्हणतात. आधी तुमचं होऊ दे म्हणतात," तिने सांगितलं. साहेबांनी मान डोलावली, दोन घोट घेतले, दोन तिला दिले आणि झाकण घट्ट लावलं. काकांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, जरा वाकडं.

दुसऱ्या थांब्यावर पुन्हा तेच. तेव्हा मात्र ती साहेबांकडे वळली.

"साहेब, त्यांच्याकडे पहिलं नको खरं नसतं. पुन्हा विचारायचं असतं. मागेच लागायचं असतं."

"मी सगळ्यांना सारखंच विचारतो. एकदा. वडीलधारा माणूस आहे, त्याच्या शब्दाला मान द्यायला हवा. दुसऱ्यांच्या रीतीभातीत मी ढवळाढवळ करत नाही."

ती काकांकडे वळली. "काका, लाजू नका हो. सरळ हो म्हणा."

"अगं पोरी, एकदाच विचारतोय, म्हणजे त्याच्या मनात द्यायचं नाहीये. त्यावर हो म्हणू? गाडी माझी मोडली, वर पाणीही मागू? भिकारी समजलीस का मला?" ओठ फुटले होते, तरी थट्टा सुटत नव्हती. "या माझ्या पाठीवरच्या धोंड्याला विचार की. तोही तहानला असेल!"

तिने आपल्या वाटणीचं पाणी झाकणात ओतून पुढे केलं. नको. पुन्हा पुढे केलं. नको गं. तिसऱ्या वेळी काकांनी दोन्ही हातांनी झाकण धरलं आणि डोळे मिटून प्यायले.

साहेबांनी ते पाहिलं. त्यानंतर तिने त्यांच्यासमोरच पाणी गिळायचं आणि तोंड उघडून दाखवायचं, असा नियम निघाला. "तुम्ही पडलात तर मी बोलू कुणाच्या तोंडाने?"

ऊन कललं तशी पांढरी जमीन राखाडी होत गेली. पायांखालचा कडक थर पापडीइतका पातळ झाला होता, आणि प्रत्येक पावलाला खालून काहीतरी ओलसर, आळसावलेलं हलल्याचा भास होत होता.

काड्! काका कमरेपर्यंत आत! खाली काळा, खारा चिखल!

"दगड!" साहेब ओरडले. "आधी दगड!"

दुभाषी पालथी पडली. तिने हात लांबवला. काकांनी हात दिला नाही. त्यांनी पट्टे सोडले. दगड तिच्याकडे ढकलला. साहेबांनी तो ओढून घेतला. मग दोरी. मग काका.

वर आले तेव्हा त्यांची जीभ लाकडासारखी झाली होती. साहेबांनी कॅन हलवला. आत पाणी वाजलं.

"विचारा."

"काका, पाणी? घ्या ना, अहो, माझ्यासाठी तरी..."

"एवढं लांबलचक मी बोललो नव्हतो," साहेब म्हणाले.

काकांची नजर तिच्याकडे नव्हतीच. ती साहेबांवर होती, वाट बघत. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. मग फुटलेले ओठ हलले. "नको."

ती वळली आणि नोकरीत पहिल्यांदाच खोटं बोलली. "हो म्हणतात."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. "नको म्हणाले. तेवढा एक शब्द मला येतो."

झाकण बसलं. ती झेपावली! साहेबांचं कोपर तिच्या जबड्यावर बसलं. ती मिठावर तोंडघशी पडली. तोंडात मीठ, रक्त. मागे काका मिठावर आडवे झाले. त्यानंतर ते बोललेच नाहीत.

रस्त्यावर एक ट्रक धूळ उडवत येताना दिसला तेव्हा चालत आलेले दोघंच होते. वाचलो! साहेबांनी हात हलवला, कॅन उघडला आणि उरलेल्या पाण्याने दगडावरचा चिखल स्वच्छ धुऊन काढला.

मोहिमेवर निघण्याच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरच्या घरी जेवताना साहेब दोनदा "नको" म्हणाले होते, आणि तिसऱ्या आग्रहाला त्यांनी ताट पुढे केलं होतं.