ऐकतोय, सागरकन्या

दुपारचा चहा झाला की हरेश्वर भाटकर रेंवाळे बंदरावरच्या वायरलेसच्या खोलीत येऊन बसत. खरं तर तिथे आता त्यांचं काहीच काम नव्हतं. होड्या हल्ली आपापसातच बोलत, वाऱ्याचा अंदाज परस्पर मागवून घेत, आणि मासळी कुठे आहे हे होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या आधी त्यांनाच कळे. भाटकर वायरलेसच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा खोलीची किल्ली परत मागायचंही कुणाला सुचलं नाही. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. मग निदान बसायची जागा तरी सवयीची असावी, एवढाच त्यांचा हिशेब.

खोलीत एक जुना डेस्कटॉप होता. देवमाशांची भाषा उलगडणारा एक प्रकल्प मध्यंतरी इथे चालला आणि गुंडाळलाही गेला. मोठी यंत्रं गेली. समुद्रतळावरचा पाणकान, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणारा मायक्रोफोन, त्याच्या शेजारचा पाण्यात आवाज सोडणारा कर्णा आणि डेस्कटॉपवरचा 'दुभाषी' नावाचा प्रोग्राम मागे राहिला. आणि मागे राहिली एक मादी देवमासा. रोज दुपारी ती बंदराच्या तोंडाशी येऊन हाक मारी. भाटकरांनी तिला होडीसारखं नाव ठेवलं होतं, सागरकन्या.

तिची हाक पडद्यावर उमटे: मी इथे. कोण तिथे?

वायरलेसवाल्यांची एक शिस्त असते. हाक कुणाचीही असो, आधी 'ऐकतोय' म्हणायचं, बाकीचं मग. भाटकरांनी उभ्या हयातीत एकही हाक अनुत्तरित सोडली नव्हती. प्रकल्पवाल्यांनी 'फक्त ऐका' असं बजावलं होतं खरं, पण ते सांगणारेच आता नव्हते. भाटकर उत्तराचं बटण दाबत. दुभाषी मात्र आरामात, पान खाऊन आल्यासारखा कामाला लागे. हाकेनंतर ती जरा थांबायची. तेवढ्यात आलं तरच तिच्या लेखी ते उत्तर. नंतर आलेला नुसता आवाज. कर्णा बोलायचा तेव्हा तिने पाठ फिरवलेली असे.

शेवटी त्यांनी नाझनीन मुकादमला व्हिडिओ कॉल लावला. प्रकल्पाची यंत्रं तीच सांभाळत असे. आता रत्नागिरीत तिचं संगणक-दुरुस्तीचं दुकान होतं.

"काका, हा प्रोसेसर माझ्या शाळेच्या वेळचा आहे," ती म्हणाली. "ओव्हरक्लॉक करून पळवता येईल. पण त्याखालचा मदरबोर्ड सगळ्यात स्वस्तातला. झेपेल तेवढंच घेऊ."

"झेपात तेवढाच घेवया. पण घेवया."

प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यांवर काम करतो, तिने समजावलं. ठोके वाढवले की काम भराभर होतं आणि तो तापतोही. पण तो स्वतःला जपतो. खरी भीती बोर्डावरच्या, त्याला वीज पुरवणाऱ्या भागांची. स्वस्त बोर्डात त्यांच्यावर उष्णता शोषणारी पट्टीही नसते. "इंजिन दमदार, पण डिझेलची नळी बारीक, असं समजा."

भाटकरांनी धूळ झाडली, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, एक छोटा पंखा त्या उघड्या भागांवर रोखला. मग सेटिंगमध्ये जाऊन ठोक्यांचा गुणक एक पायरी वर घेतला. व्होल्टेजला हात लावला नाही. संगणकाला पूर्ण ताकदीने राबवून तापमान पाहिलं, मग पुढची पायरी. असं करता करता एका पायरीवर पडदा गोठला. संगणक पुन्हा चालू करताच त्यांचा माऊस व्होल्टेज वाढवायला वळला.

"नको," फोनवरून नाझनीन म्हणाली. "एक पायरी खाली या. जिथे अडखळला नाही तिथेच थांबायचं. हा बोर्ड गेला तर दुसरा मिळायचा नाही."

ते खाली आले. नीट चालला.

दुसऱ्या दिवशी हाक आली. भाटकरांनी बटण दाबलं. ऐकतोय. मी इथे. कर्ण्याने शब्द पोचवले तेव्हा ती अजून थांबलेली होती. मग एक लांब, थरथरता आवाज आला, असा तिने आजवर कधी काढला नव्हता. पडद्यावर उमटलं: इथे. इथे. इथे.

भाटकर रडले. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी बोललं होतं.

मग सागरकन्या बंदराचं तोंड सोडीना. भाटकरही जेवणाचा डबा खोलीतच आणू लागले. ती काही फार बोलत नसे, मी इथे आणि तू तिथे एवढंच. पण त्यांना तेवढं पुरत होतं. ध्वनिमुद्रणं ते मोठ्या कौतुकाने नाझनीनला पाठवत.

एक दिवस तिचाच फोन आला. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"काका, ध्वनिमुद्रणात तिच्या मागचा बारीक आवाज ऐकलात? दक्षिणेकडून येतोय तो?"

"देवमासो?"

"हो, खराखुरा. तिच्या प्रत्येक हाकेला तो उत्तर देतोय. पण तो लांब आहे. त्याचा आवाज उशिरा पोचतो. आपला आधी पोचतो, म्हणून ती इथून हलत नाही."

भाटकरांनी ध्वनिमुद्रण पुन्हा लावून तो आवाज ऐकला. या समुद्रात देवमासे किती थोडे उरलेत, हे प्रकल्पवाल्यांकडून त्यांनी ऐकलं होतं.

"म्हणजे मी तिका हय अडकवन ठेवलंय."

"तुम्ही एकट्याने नाही, काका. वेग मीच वाढवून दिला."

"मगे बंद करू?"

"ते मी कसं सांगू?" नाझनीन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कर्ण्याची वायर काढून टेबलावर ठेवली. ठरल्या वेळी हाक आली. मी इथे. कोण तिथे? हात आपोआप बटणाकडे गेला. त्यांनी तो ओढून काखेत दाबून धरला. पुन्हा हाक आली. मग आणखी एक, जास्त लांब. आयुष्यात पहिल्यांदा ते एखादी हाक नुसती ऐकत होते, आणि ते फार जड जात होतं. दक्षिणेकडून तो बारीक आवाज आला, अर्थातच उशिरा.

त्यानंतर पाण्यात काहीच वाजलं नाही. पडदा कोरा राहिला.

ती त्या आवाजाकडे वळली असेल, की जगात पुन्हा आपण एकटेच उरलो असं समजून कुठेतरी खोल निघून गेली असेल? वायर जोडली असती तर दुभाष्याने तिला हे विचारलं असतं, आणि अगदी वेळेत. पण तो प्रश्न ऐकून ती परत इथेच आली असती, तर?