चेलोच्या लाकडातला ठोका

२०६४ साली जुनं ध्वनिमुद्रण कुणी नुसतं ऐकत नसे. लोक ते उकलून घेत. ऐंशी वाद्यांचा एकत्र नाद यंत्रात घातला की एकेक वाद्य सुटं होऊन बाहेर येई. या तंत्राला ‘स्वरउकल’ म्हणत.

वसईच्या सिसिलिया तुस्कानो पुण्याच्या प्रयोगशाळेत आल्या, त्या वडिलांचा चेलो ऐकायला. २०२२ साली एका रोमँटिक सिंफनीत त्यांनी तो शेवटचा वाजवला. आठ दिवसांनी झोपेतच गेले. तेव्हा सिसिलिया बारा वर्षांच्या होत्या.

डॉ. वैजयंती पोंक्षेंनी यंत्र सुरू केलं. सिंफनीचा संथ तिसरा भाग. व्हायोलिनं विरली, शिंगं मागे गेली, आणि खोलीत एकच चेलो उरला.

“पप्पा!” सिसिलियांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. “ही मींड त्यांचीच! अशी दुसरं कुणी घेत नसे.”

“अजून खोल जाऊ?” पोंक्षेंचे डोळे चमकत होते. “चेलो छातीला टेकवून वाजवतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला लाकूड हलतं, तारेवरचा गज केसभर थरथरतो. कानाला ते कळत नाही, पण मुद्रणात उतरलेलं असतं.”

सुरांखालून धप धप आवाज उमटू लागला. बेचाळीस वर्षांनी बापाचं काळीज चालू झालं होतं. सिसिलिया हसत होत्या, रडत होत्या, हाताने ताल धरत होत्या.

मग एक ठोका चुकला. थोड्या वेळाने आणखी एक.

“हे काय, डॉक्टर?”

पोंक्षे म्हणाल्या, “हृदय थकल्याची खूण. त्यांना काहीच जाणवलं नसेल. तेव्हा कुणी हे ऐकलं असतं तर ते वाचले असते.”

सिसिलिया ताडकन उठल्या. “माझा मुलगा लिऑन चेलो वाजवतो. गेल्या रविवारचं त्याचं मुद्रण बाहेर आलंय. ते लावा. आत्ता!”

“त्याला विचारल्याशिवाय नाही. ते त्याचं काळीज आहे, बाई.”

सिसिलियांनी तिथूनच लिऑनला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

“मम्मा, नको. एकदा कळलं की मी वाजवताना तेच मोजत बसेन.”

“आणि काही निघालं तर?”

“वर्षातून एकदा तपासून घेईन, शपथ. पण माझ्या वाजवण्यातून नको. तेवढं माझं राहू दे.”

त्यांनी कबूल केलं, आणि शब्द पाळलाही. लिऑनने तपासणी करून घेतली. अहवाल निर्मळ निघाला.

महिन्याभराने त्याने तीच सिंफनी वाजवली. तिसऱ्या भागात चेलोंनी धून उचलली आणि सभागृहाचा श्वास रोखला गेला. शेजारचे गृहस्थ डोळे पुसत होते. सिसिलिया पुढे वाकून, मान तिरकी करून बसल्या होत्या. सुरांच्या खाली, जिथे माणसाच्या कानाला काही पोचत नाही, तिथे त्या ऐकत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर लिऑन घामेजलेला, आनंदाने फुललेला धावत आला. “मम्मा, कशी झाली आजची धून?”

सिसिलियांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांना एकही सूर आठवत नव्हता.