पुणे–मस्कत थेट विमान

"हिराबाई ओव्हाळ तुमच्या कोण?"

"आई."

"लोहगाव विमानतळावर या. लगेच."

पूर्वा पोचली तेव्हा बाकावरच्या आईवर चादर घातलेली होती. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. शेजारी थालीपिठांचा डबा. मुठीत चिठ्ठी: अभय, मस्कत, १६ ऑगस्ट, दुपारी १२.२०. मागच्या बाजूला पूर्वाचा नंबर.

"कधीपासून बसली होती?" तिनं सुरक्षारक्षकाला विचारलं.

"अकरापासून. मी म्हटलं, आजी, मस्कतचं विमान बोर्डावरच नाही. म्हणाल्या, येईल. सहापर्यंत बसून होत्या."

"मग ते विमान?"

"मॅडम, ते फक्त पत्रकार परिषदेत उडतं. ही चौथी घोषणा."

अभय पूर्वाचा धाकटा भाऊ, मस्कतला कामाला. बाबांच्या अंत्यविधीला तो आला नाही. तेव्हापासून चार वर्षं दोघांचं बोलणं बंद. आईला मात्र त्याच्या पुण्यातल्या जुन्या नंबरवरून मेसेज यायचे. पूर्वानं त्याच नंबरवर लिहिलं, "आई गेली. फोन कर." मेसेज वाचला गेला. फोन आला नाही. तिनं लावला, तर बंद.

आईला बोलावून हा आला का नाही? त्याला समोर उभं करून एवढंच विचारायचं होतं.

तिसऱ्या दिवशी येरवड्याच्या घरात तिनं चार्जिंगला राहिलेला आईचा फोन उघडला. सोळाच्या दुपारी भीमरावमामांचे सात मिस्ड कॉल होते. मग अभयचे मेसेज. तीन वर्षांत चार घोषणा, चारही वेळा तेच वचन: "थेट विमान सुरू झालं की त्यानंच येतो." पहिल्या तीन वेळा विमानाच्या वेळेआधी दुसरा मेसेज: "विमान पुढं ढकललं. थांब." चौथ्यांदा हा मेसेज आलाच नव्हता.

खरं तर विमान कंपनीनं पंधराच्या संध्याकाळीच रद्द केल्याचं वेबसाइटवर टाकलं होतं. आधीच्या तिन्ही वेळा तसंच. आईला मेसेज यायचा दुसऱ्या दिवशी, सकाळी सातनंतर.

तिनं पुण्याच्या पेपरचे त्या तिन्ही सकाळचे अंक काढले. मग सोळा ऑगस्टचा अंक शोधला. आणि लोणी काळभोरची बस पकडली.

भीमरावमामा, निवृत्त ग्रामसेवक, ओसरीवर पेपर वाचत होते.

"मामा, अभयचा नंबर आहे तुमच्याकडं?"

"हाय की. लिहून घे."

"नंबर नको. सिमकार्ड द्या."

पेपर हळूच खाली आला. "काय बोलतीस, पूर्वे?"

"अभयला रद्द झाल्याचं त्याच संध्याकाळी कळलं असतं. पण मेसेज यायचा सकाळी, पेपरात बातमी छापून आली की. लिहिणारा पुण्याचा पेपर वाचून लिहीत होता. पंधरा ऑगस्टला पेपरवाल्यांना सुट्टी असते, सोळाला अंक निघत नाही. बातमी आली सतराला. मस्कतमधल्या माणसाला आपल्या पेपरच्या सुट्टीनं काय फरक पडतो? आणि सोळाला आईला घाबरून सात फोन कुणी केले?"

मामांनी पेपरची घडी घातली.

"दुपारी ध्यानात आलं, आज पेपरच न्हाई. तवा फोन लावत बसलो."

"अभय कुठंय?"

ते आत जाऊन पाकीट घेऊन आले. "तीन वर्षं झाली. बांधकामावर परांचीवरनं पडला. तुझ्याशी बोलणं न्हवतं, म्हणून घरचा सोडून कंपनीत माझा पत्ता दिलेला. तिकडंच उरकलं त्यांनी. दाजींच्या मागोमाग हिराला हे कसं सांगू? सिम जाताना माझ्याकडंच ठेवून गेला होता. ते विमान कधी उडणार न्हाई, ह्याची मला खात्री होती. म्हणून त्याचाच वायदा केला."

पूर्वानं आतल्या मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख तीनदा वाचली. पाकीट मिटलं.

"गेल्या दिवाळीत त्यानं आईला लिहिलं होतं, ताईला सांग, माझं चुकलं. ती फोन घेऊन माझ्याकडं धावत आली होती. मी म्हटलं, समोर येऊन म्हणू दे त्याला."

मामांनी चष्मा काढला.

"ते पण म्याच लिव्हलं, पोरी."